अथ भाकरीजिज्ञासा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची, म्हणजे ग्रंथाचा विषय कोणता, तो वाचण्याचा अधिकार कोणाला, वाचून मिळणार काय आणि या साऱ्यांचा आपसांत संबंध कोणता, या चार गोष्टी आधीच मांडून ठेवण्याची रीत आहे. आहारासारख्या गंभीर विषयात ती मोडण्याचे कारण दिसत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय कॅलरी मोजणे सोडून आपल्या शिवारातले अख्खे, साधे अन्न कसे खावे, हा आहे. अधिकारी म्हणजे सातारा किंवा सांगली जिल्ह्यात राहणारा, पहाटे अजिंक्यतारा चढून अथवा आमराईत फेऱ्या मारून घरी परतणारा, आणि मोबाइलमध्ये ‘भाकरी, मध्यम, एक’ अशी नोंद करून दुसऱ्या भाकरीकडे चोरट्या नजरेने पाहणारा गृहस्थ होय. दुसऱ्या भाकरीकडे त्याला राजरोस पाहता यावे, हे प्रयोजन. संबंधाविषयी सांगायचे तर या गृहस्थाचा भाकरीशी असलेला संबंध आजवर केवळ खाण्यापुरता राहिलेला आहे, आणि विवेचनाच्या शेवटी हाच मुद्दा त्याला अडचणीत आणणार आहे.

पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी मांडायची विरुद्ध बाजू, प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक कॅलरी म्हणतात. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत हे काम ऊन फुकट करून देते, हा भाग निराळा. अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्न आणि माणूस या दोघांनाही उष्णतामापक यंत्रात घातले, पैकी अन्न जाळून पाहिले व माणसाला नुसते कोंडून पाहिले, आणि कर्बोदके व प्रथिने यांच्या दर ग्रॅमला चार, तर स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅमला नऊ कॅलरी असा भाव बांधून दिला. पुढे १९१८ मध्ये त्याच देशातील डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी आपल्या पुस्तकातून वाचकांना असे शिकवले की पावाचा तुकडा हा शब्दच विसरावा आणि शंभर कॅलरी पाव असे म्हणावे. हा उपदेश वाळवा तालुक्यातील एखाद्या ढाब्यावर आचरून ‘दोनशे कॅलरी अख्खा मसूर आणा’ असे फर्मावल्यास समोरून ‘हाफ का फुल्ल?’ एवढाच प्रश्न येतो, आणि व्यवहारात तोच पुरेसा असतो.

आता उत्तरपक्ष. राष्ट्रीय पोषण संस्थेने, जिचे मूळ १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेल्या बेरीबेरी रोगाच्या चौकशीत आहे आणि जी पुढे हैदराबादला गेली, प्रसिद्ध केलेल्या व अनेक दशके वापरात राहिलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम ज्वारीपुढे ३४९, बाजरीपुढे ३६१, सडीक तांदळापुढे ३४५ आणि मैद्यापुढे ३४८ कॅलरी असे आकडे आहेत. म्हणजे केवळ मोजणीवर भरवसा ठेवणाऱ्याच्या दृष्टीने माणदेशचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि बेकरीतला मैदा यांत अवघ्या एका कॅलरीचे अंतर असून, तेही मैद्याच्याच बाजूने पडते. शाळूचा दाणा दळताना त्याचा कोंडा, आतला पिठूळ गर आणि तेलकट अंकुर हे तिन्ही भाग पिठात उतरतात, तर मैदा करताना पहिला व तिसरा भाग काढून टाकलेला असतो, ही गोष्ट त्या रकान्यात कोठेही दिसत नाही. दाणा किती फोडला यावरही बरेच अवलंबून असते. बदामांवर २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात असे आढळले की अख्ख्या बदामांतून माणसाच्या अंगी लागणारी ऊर्जा हिशेबाने काढलेल्या ऊर्जेपेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी भरते, कारण दातांच्या तावडीतून सुटलेल्या पेशी आपले तेल घेऊन तशाच पुढे जातात. मूठभर भाजके शेंगदाणे, त्यांचा कूट आणि त्यांचे तेल यांना वजनाच्या हिशेबात एकाच तागडीत घालणाऱ्या साधकाने एवढे ध्यानात घ्यावे.

सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. वीस माणसांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे साध्या अन्नावर आणि दोन आठवडे अतिप्रक्रियित अन्नावर, म्हणजे कारखान्यात दाण्याचे मूळ रूप मोडून रंग, स्वाद व टिकाऊपणा वरून बसवलेल्या अन्नावर जगवण्यात आले; दोन्ही ताटांत वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश आणि चोथा सारखाच ठेवून ‘हवे तेवढे खा’ असे सांगण्यात आले. अतिप्रक्रियित ताटावर माणसे दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. साध्या ताटावर तीच माणसे, कोणी काही मोजायला न सांगता, आपोआप थांबली. भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे तिच्याबरोबरचे कालवण, यांवर पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, कारण ज्वारीची तिसरी भाकरी चावता चावता जबडाच हुकूम देतो; बिस्किटाच्या पुड्याच्या बाबतीत असा हुकूम देणारे कोणी नसते.

तथापि ‘नैसर्गिक’ म्हणजे काय, हे ठरवताना साधकाने या दोन जिल्ह्यांत विशेष जपून पाऊल टाकावे, कारण येथील लाडके पदार्थ व्याख्येत बसायला तयार नाहीत. पहिला गूळ. साखर सोडून गूळ धरला की आपण निसर्गाकडे परतलो, अशी समजूत उसाच्या पट्ट्यात सर्वत्र आहे. वर उल्लेखिलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम साखरेला ३९८ आणि गुळाला ३८३ कॅलरी असल्याने हा परतीचा प्रवास फार लांबचा ठरत नाही. गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसाची मळी वर यावी म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, हे नैसर्गिक झाले. ढेप पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाचे विरंजक रसायन घालतात, हे नव्हे. तेव्हा साधकाने काळपट ढेप मागावी आणि ती महाग का, असे विचारू नये. दुसरा बेदाणा. तासगावचा बेदाणा द्राक्षांचाच असतो, यात शंका नाही, पण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या पाण्यात बुडवून मग शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात, आणि सोनेरी रंग हवा असल्यास गंधकाची धुरी देतात. निसर्गाला मदतनीस बरेच लागतात, असे म्हणता येईल.

तिसरा व सर्वांत कठीण प्रश्न भडंगाचा. चुरमुरा हा तांदळाचाच फुललेला दाणा, शेंगदाणा अख्खा, लसूण ठेचलेला, कढीपत्ता झाडावरचा. घटक एकेक तपासल्यास भडंग निर्दोष सुटते. एक पक्ष असे म्हणतो की घटक निर्दोष असले तरी तेलाच्या फोडणीत सांगलीकराचा हात सैल असतो, म्हणून ते वर्ज्य. दुसरा पक्ष असे प्रतिपादतो की भडंग हे जेवण नसून दोन जेवणांमधील संभाषण आहे, म्हणून त्यास आहाराचे नियम लागूच पडत नाहीत. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या पक्षाकडे झुकते, मात्र संभाषण किती वेळ चालावे, यावर मर्यादा असावी. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात खवा खमंग भाजलेला व साखर बेताची असते, या सबबीवर त्याला सात्त्विक ठरवण्याची पद्धत तेथे रूढ आहे. तिला हरकत घेणे परगावच्या माणसाच्या हिताचे नाही.

या अन्नाचा इतिहास मात्र सात्त्विकतेच्या गोष्टींशी जुळत नाही, आणि मार्गदर्शक म्हणवणाऱ्याने तो लपवू नये. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत माणसे बाजरी आणि हुलगे खात, ते त्यांत लोह वा चोथा आहे म्हणून नव्हे, तर तेवढ्या पावसावर दुसरे काही येत नसे म्हणून. गव्हाची चपाती सणाची होती, भात पाहुण्यांचा होता. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लालसर मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी ज्यांनी खाल्ली, त्या पिढीने मुलाबाळांना गहू-तांदूळ मिळावा म्हणून आयुष्य वेचले; नदीकाठी ऊस आला, कारखाने आले, स्वस्त धान्याच्या दुकानात गहू-तांदूळ आला, आणि भाकरी हळूहळू गरिबीची खूण म्हणून ताटाबाहेर सरकली. नंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्वारी-बाजरी-नाचणीला पौष्टिक तृणधान्ये असे राजपत्रातून घोषित केले, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि ज्या नातवाला आजीने बाजरी सोडवण्यासाठी शिकवले, तो नातू पुण्याहून बाजरीच्या बिस्किटांचा पुडा घेऊन गावी येऊ लागला. अशा पुड्याच्या पाठीमागचे बारीक अक्षर वाचल्यास बाजरीच्या आधी मैदा आणि साखर यांची नावे भेटण्याचा संभव असतो. घटकांचा क्रम वजनाप्रमाणे लावलेला असल्याने हे वाचन मोबाइलवरील कोणत्याही मोजणीपेक्षा उपयोगी पडते.

या प्रांतात शरीराचा शास्त्रशुद्ध विचार नवा नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार संस्थानातल्या शाळांपासून केला, आणि त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये निघाले. राजाने स्वतः रोज नमस्कार घालावेत आणि मग रयतेला सांगावे, हा क्रम आजच्या उपदेशकांना गैरसोयीचा वाटेल. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर गाजलेल्या वादात एका बाजूस दिवसातून दोनदाच जेवा असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि दुसऱ्या बाजूस थोडे थोडे पण वरचेवर, आपल्या भागातले खा, असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर होत्या. अनेक घरांनी दोघांचेही ऐकून दोन भरपेट जेवणे आणि मधले वरचेवर खाणे असा समन्वय साधला, त्याची वैद्यकाने अद्याप दखल घेतलेली नाही.

प्रत्यक्ष आचरणासाठी पंचांग पुरेसे आहे. भोगीला तिळाची बाजरीची भाकरी आणि वांगे, पावटा, हरभरा, गाजर यांची मिसळलेली भाजी. त्यापुढे शाळूचा हुरडा आणि शेतातच सोलून खायचा डहाळा, म्हणजे घाट्यांसह उपटलेला ओला हरभरा. उन्हाळ्यात ताकातली आंबील. पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवलेल्या रानभाज्या. पाटण-कराडकडे उडदाचे घुटे, म्हणजे शिजवलेली उडदाची डाळ घोटून केलेले दाट कालवण, माणदेशात हुलग्याचे माडगे, कोरेगावच्या बाजूला वाघ्या घेवड्याची उसळ, कृष्णाकाठी भरली वांगी, असा प्रवास केल्यास ताटाची विविधता कोणत्याही तक्त्याविना साधते. बाजारात माळवे घेताना जे ढिगाने स्वस्त आहे, ते त्या ऋतूचे समजावे. गावच्या यात्रेला मात्र कोणताही नियम घेऊन जाऊ नये. तेथे ‘एवढ्यानं काय होतंय’ असे म्हणून वाढणाऱ्या हाताशी वाद घालून अद्याप कोणी जिंकल्याची नोंद नाही.

येथवर साधकाचे समाधान झालेले असते, आणि म्हणून आता संबंधाचा मुद्दा. कॅलरी सोडून भाकरीकडे वळलेल्या निवृत्त गृहस्थाच्या घरात ती भाकरी पहाटे कोण थापते, हे पाहिल्यास बहुधा तालुक्याच्या गावी नोकरीला जाणारी सून आढळते, जी पूर्वी पाच मिनिटांत पोह्यांची वाटणी करून निघत असे. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते, म्हणून भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. पीठ शिळे झाले की ती चिरते, म्हणून दर आठवड्याला गिरणीत जावे लागते. पीठ एकदम सारे मळून चालत नाही, म्हणून प्रत्येक भाकरीला नवा गोळा घ्यावा लागतो. सासऱ्यांच्या पोटातल्या कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपने थापणाऱ्या हाताच्या कॅलरी कधी मोजल्या नाहीत, आणि निसर्गाकडे परतण्याचा उपदेश करणाऱ्या पुस्तकांतही हा रकाना सहसा कोरा असतो.

तेव्हा शेवटचा विधी असा. साधकाने आदल्या संध्याकाळी स्वतः गिरणीवर रांगेत उभे राहून शाळू दळून आणावा. पहाटे अजिंक्यताऱ्याऐवजी काठवटीपुढे बसावे, एका भाकरीपुरत्या पिठात कढत पाणी थोडे थोडे घालत तळहाताच्या टाचेने गोळा गुळगुळीत होईपर्यंत मळावा, खाली पीठ पसरून हलक्या हाताने गोल फिरवत थापावे, पिठाची बाजू वर राहील अशी भाकरी तव्यावर टाकून तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकले की उलटावी आणि मग आचेवर टम्म फुगू द्यावी. आरंभीच्या भाकऱ्या तुटतील, त्या ताकात कुस्करून स्वतःच खाव्यात. भाकरी गोल झाली की नाही, हे गौण असून सुनेला सकाळची एसटी मिळाली की नाही, एवढेच तपासावे.