निद्रिस्त ॲडमिन कसा हाताळावा

आधी लक्षणं ओळखा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बी विंगला पाणी नाही', झटपट कर्जाची जाहिरात आणि गुलाबाच्या फुलावरचा सुविचार एकाखाली एक दोन दिवस पडून आहेत, आणि ॲडमिनकाका स्टेटसवर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी टाकताहेत, तर काका निद्रिस्त आहेत. दुसरी जात याहून अवघड. वर्गणीवरून भांडण पेटलं म्हणून 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' असं केलं, आणि मग कुलूप काढायचंच विसरले. तिथे तक्रार करायचीही सोय नाही.

ग्रुपवर जाब विचारू नये. फुकटच्या कामाचा जाब विचारला की 'मग तुम्हीच करा ना' हे ऐकावं लागतं, आणि तेवढ्यात विचारणाराच ॲडमिन होऊन बसतो. पर्सनलवर लिहा, सुरुवात तब्येतीच्या चौकशीने. निळ्या टिका येऊनही उत्तर नाही, तर थेट फोन लावा. हल्ली फोन वाजला की माणसं दचकतात आणि पटकन हो म्हणतात.

हकालपट्टीची स्वप्नं बघण्याआधी एक नियम माहीत हवा: ज्याने ग्रुप काढला, त्याला दुसरा ॲडमिन काढू शकत नाही. तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच. आणि एकुलता एक ॲडमिन रुसून बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून कुणालाही ॲडमिन करतं. ती लॉटरी सुविचारवाल्यांना लागू शकते. म्हणून काकांना जाऊ देण्याआधी त्यांच्याकडून दुसरा ॲडमिन करून घ्या.

नवा माणूस 'पोलीस केस होईल' म्हणून मागे सरेल. त्याला सांगा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच म्हटलंय की समान हेतू किंवा संगनमत नसेल, तर सदस्याच्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. मग तो कामाचं कारण देईल. ते खरं असतं.

निद्रिस्त ॲडमिनच्या बाबतीत विकिपीडियावाले शहाणे. बहुतेक छोट्या विकिपीडियांवर प्रचालकाने, म्हणजे तिथल्या ॲडमिनने, दोन वर्षं काहीच केलं नाही, तर आधी विचारणा होते, मग हक्क काढून घेतात. कुणाचा अपमान नाही, नियमच तसा. आपल्याकडे वार्षिक सभेत लिफ्टच्या वादानंतर दोन मिनिटं ठेवून 'यंदा ॲडमिन कोण' एवढं विचारलं तरी भागेल. काकांचा सत्कार करा, नारळ द्या, आणि हे गणपतीच्या आधी उरका. वर्गणीचे मेसेज सुरू झाले की कुणीही ॲडमिन व्हायला तयार होत नाही.