बॉक्समास्तर

तालुक्याच्या गावात एक बॉक्समास्तर असतोच. शाळेशी त्याचा संबंध बारावीच्या फिजिक्सने तोडलेला. ‘मास्तर’ ही पदवी साऊंडवाल्यांनी दिलेली, कारण त्यांच्या स्पीकरचे डबे हाच बनवतो. कानावर सुतारी पेन्सिल, केसांत प्लायचा भुसा आणि डोळ्यांत लिटर. पोकळ वस्तू दिसली की तो मनातल्या मनात तिचं घनफळ काढतो. भाच्यासाठी मुलगी बघायला गेला, तर पोहे निवत ठेवून यजमानांचं लोखंडी कपाट वाजवत म्हणाला, “दोन अठरा इंची आरामात बसतील. पण पत्रा झणझणेल.” (लग्न जमलं. कपाट त्यांनी दिलं नाही.)

गणपतीच्या आधी मंडळाचे अध्यक्ष येतात. “मास्तर, औंदा छाती हादरली पाहिजे. डबा हाय तेवढाच ठेवा, टेम्पोत तेवढाच बसतो. फक्त दोनाचे चार स्पीकर करा.”

मास्तर काही बोलत नाही. सोड्याची रिकामी बाटली ओठांशी धरून फुंकतो. घुंऽऽ. मग तिच्यात पाणी ओतून पुन्हा फुंकतो. सूर वर चढतो. “हेल्महोल्ट्झ. जर्मन माणूस,” तो ओळख करून देतो. “आतली हवा कमी, सूर वर. स्पीकर दुप्पट तर जागा दुप्पट, पोर्टचं, म्हणजे डब्याच्या हवेच्या वाटेचं, तोंड दुप्पट, लांबी तीच. तरच ट्युनिंग ४० हर्ट्झला राहील. शिवाय स्पीकरचं मॅग्नेट, आतल्या आडव्या पट्ट्या, पोर्ट, हे सगळे जागा खातात. ते वेगळं धरायचं.”

“मग पोर्टच मोठा करा की.”

“नुसता रुंद केला की ट्युनिंग आणखी वर. छाती नाही, नुसती खिडकी हादरेल.”

त्याचं डोकं खरं फिरतं ते ‘चौघांना एकाच खोलीत टाका’ म्हटल्यावर. मध्ये पार्टिशन हवंच. का, तर एकाची कॉइल जळाली तरी त्याचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, हलत राहतो, बाकीच्यांच्या हवेवर. बघणाऱ्याला वाटतं काम जोरात चाललंय. इकडे ट्युनिंग बिघडून उरलेल्यांच्या जिवावर बेततं. हा एकच मुद्दा अध्यक्षांना झटकन कळतो. कार्यकारिणीचा अनुभव असतो.

डबा तयार झाला की रात्री तपासणी. मास्तर बॅटरी घेऊन कोनसमोर उकिडवा बसतो आणि एकेक सूर खाली आणतो. नेमक्या ट्युनिंगला कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टातली हवा सगळा भार उचलते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते बायकोने लग्नातही पाहिलेलं नसतं. तेवढ्यात शेजारचे निवृत्त नायब तहसीलदार बनियनवर येतात. सन २०००चा ध्वनिप्रदूषण नियम त्यांना पाठ. निवासी भाग, रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबल.

“काका, बघा तरी! कोन हलतच नाही!”

“आमची मांडणी हलतीय!”

विसर्जनाला मास्तर नाचत नाही. कानांत कापसाचे बोळे घालून डब्यामागून चालतो. गावाला नुसता दणका ऐकू येतो, ह्याला ट्युनिंग घसरलेलं कळतं. तो मिरवणूक थांबवतो, पोर्टात हात घालतो आणि कार्यकर्त्यांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या, गुलालाची अर्धी गोणी बाहेर ओढतो.

“चार हर्ट्झ खाल्ले की रे चपलांनी!”

“मास्तर, ठेवायच्या कुठं मग?”