लाल दिवा नको गं बाई!

आपल्या राज्यात लाल दिवा ही एकेकाळी मिळवायची गोष्ट होती. त्यासाठी माणसं पक्ष बदलत, एखादं महामंडळ पदरात पाडून घेत, आणि दिवा गाडीवर चढला की चौकाचौकात अभिनंदनाचे फलक चढत. १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने हे दिवे उतरवले. ते गेले कुठे, याचा पत्ता मला परवा लागला: सॉफ्टवेअरवाल्यांच्या टेबलावर. तिथे मात्र तो कुणालाच नको असतो.

माझा भाचा इथे छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. टीव्हीशेजारी त्याने स्मार्ट दिवा लावलाय. कुणी नवा कोड टाकला की कंपनीचा सर्व्हर आपोआप शेकडो टेस्ट घेतो. टेस्ट चालू असेपर्यंत दिवा पिवळा, सगळ्या पास झाल्या की हिरवा, एक जरी फेल गेली की लाल. ताई सांजेला देवापाशी निरांजन लावते आणि जाता जाता त्याला विचारते, "काय रे, आज कोण नापास?"

कल्पना काही त्याच्या कंपनीची नव्हे. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या प्रोग्रामरांनी यासाठी लाव्हा लॅम्प वापरले. २०१२ मध्ये मोबाईलवरून वाटेल तो रंग देता येणारे फिलिप्सचे ह्यू दिवे आले आणि काम सोपं झालं. मूळ मात्र मागावरचं. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग तयार केला की धागा तुटला की तो आपसूक थांबे. बिघडलेलं कापड वारभर विणत बसायचं नाही. हिमरू आणि पैठणीच्या मुलखाला याचं मोल मी काय सांगावं? पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात हाच विचार 'अँडॉन' झाला. कामगाराला खोट दिसली की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, माणसं धावतात आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाईन थांबते. आता टोयोटाच आपल्याकडे यायचीय. जुलै २०२४ मध्ये सुमारे वीस हजार कोटींचा करार झालाय. त्यांना आपली पद्धत आधीच समजावून सांगितलेली बरी. जपानी माणूस लाल दिवा लागला की लाईन थांबवतो, आपण दिवा थांबवतो.

भाच्याच्या कंपनीत तेच झालं. दिवा लाल झाला तेव्हा पहिल्या दिवशी सगळे धावले. दुसऱ्या दिवशी "ती टेस्टच तशी आहे, कधी पास कधी फेल" असं ठरलं. मग परदेशातून गिऱ्हाईक यायचं होतं. मॅनेजरसाहेबांनी फर्मावलं आणि तासाभरात दिवा हिरवा!

"बिघाड सापडला का रे?"

"नाही मामा, टेस्ट काढून टाकली. आता फेल कोण होणार?"

शंभर टक्के निकालाची शाळा कच्च्या पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावते, त्यातलाच हा प्रकार. साहेबांनी हिरव्या दिव्याशेजारी फोटो काढून घेतला.

या दिव्याच्या दोन खोडी मात्र मला फार आवडल्या. लाईट जाऊन आली की बिचारा सगळं विसरतो आणि भगभगीत पांढरा पेटतो. मध्यरात्री हॉल असा उजळला की ताई चोर आला म्हणून उठून बसली. भाचा म्हणाला, "पांढरा म्हणजे त्याला काही आठवत नाही." असे पांढरे दिवे मी चौकशी समित्यांपुढे पुष्कळ पाहिलेत.

दुसरी खोड जास्त गुणाची. वायफाय गेलं की दिवा शेवटचा रंग धरून बसतो. तिकडे टेस्ट धडाधड फेल होवोत, इकडे हा रात्रभर हिरवागार, कारण त्याला कुणी काही कळवलेलंच नसतं. हे तंत्र आपल्या शहराला नवं नाही. आपल्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० ला झालं. तेव्हा ती १६८० कोटींची होती, वाढत वाढत २७४० कोटींवर गेली. पण कागदावर 'काम प्रगतिपथावर' हा रंग एकदा चढला तो चढलाच. दोरी ओढायला शेवटी उच्च न्यायालयाचं खंडपीठ लागलं. जायकवाडी धरण भरलेलं असतं आणि नळाला पाणी कधी येणार ते लाईनमनला ठाऊक.

म्हणून आमच्या सोसायटीत ठराव आला की गेटवर स्मार्ट दिवा लावायचा. नळाला पाणी आलं की हिरवा, टँकर मागवावा लागला की लाल. पोरांनी सर्किट सुचवलं, सेक्रेटरी खूश. तेवढ्यात मागून एक काका उठले. त्यांनी फ्लॅट विकायला काढलाय. "लाल कशाला? गिऱ्हाईक गेटवरनंच परत जायचं." फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनीही माना डोलावल्या. दुरुस्ती सुचवली गेली की दिवा लावावा, पण तो हिरवाच असावा. खजिनदार हिशेबी माणूस. ते म्हणाले, रंग बदलायचाच नसेल तर स्मार्ट दिव्याचा खर्च कशाला, गणपतीच्या माळेतला हिरवा बल्ब पडूनच आहे. ठराव एकमताने मंजूर झाला आणि चहा आला, टँकरच्या पाण्याचा.