भोईवाड्यातील अश्वशक्तीचे उपासक

भोईवाडा, परळ आणि नायगाव या परिसरात आढळणाऱ्या सामाजिक प्रकारांमध्ये ‘सहा सिलिंडरवाले गृहस्थ’ हा प्रकार संख्येने अत्यल्प असला, तरी त्याचा आवाज विशेषतः रविवारी सकाळी तीन इमारतींपर्यंत पोहोचत असल्यामुळे त्याची दखल घेणे अपरिहार्य ठरते. या प्रकाराचे मूळ शेजारच्या शिवडीत आहे. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये तेथे मोटारींची जोडणी सुरू केली, पुढच्याच वर्षी तिच्या शेवरोलेला सहा सिलिंडरचे इंजिन मिळाले आणि १९५४ मध्ये जोडणी थांबली. आपली १९५१ ची शेवरोले शिवडीतच जोडली गेली, असे हे गृहस्थ शपथेवर सांगतात आणि पुरावा म्हणून गाडीकडे बोट दाखवतात.

एका रांगेत बसवलेल्या सहा सिलिंडरांचे वैशिष्ट्य असे की, दट्ट्यांच्या वरखाली होण्याने निर्माण होणारे हिसके परस्परांत जिरतात, आणि पालखीच्या भोयांची पावले जुळावीत तसे सहाही जण ठरलेल्या क्रमाने जोर लावत राहिल्याने इंजिन संथ चालते. ठिणगीचा हा १-५-३-६-२-४ असा क्रम गृहस्थांच्या घरातील मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो.

मूळ इंजिन सुमारे साडेतीन लिटरचे असून त्याची शक्ती कंपनीने ९२ अश्वशक्ती सांगितलेली आहे (एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट). एवढ्यावर सामान्य मनुष्य समाधान मानील. परंतु १९५३ च्या कॉर्व्हेट या गाडीत याच घराण्यातील ३.९ लिटरच्या इंजिनातून कंपनीने १५० अश्वशक्ती काढली होती, हे गृहस्थांना ठाऊक असते आणि तेथूनच अनर्थास आरंभ होतो. कॉर्व्हेटमध्ये तीन कार्बोरेटर, झडपा अधिक उघडणारा कॅमशाफ्ट आणि ८ : १ हे दाबाचे प्रमाण, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण एकअष्टमांश जागेत दाबण्याची सोय, असा सरंजाम होता. भोईवाड्यात त्याची सिद्धता चोरबाजार आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून होते: ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवले जातात, दाब वाढावा म्हणून हेड तासले जाते, आणि तिन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे गृहस्थ रबरी नळी कानाला लावून डॉक्टरी गांभीर्याने ऐकतात.

अडचण तेलाची आहे. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगांना पंपाचे पूर्ण दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या तळाशी असलेले पळीसारखे भाग तेल उडवतात आणि मऊ व्हाइट मेटलची बेरिंगे त्यावर जगतात, म्हणून वेग बेसुमार वाढवला की ती घासतात आणि इंजिन पुन्हा उतरवावे लागते. परिणामी इंजिनाचे वास्तव्य गाडीपेक्षा घरातच अधिक असते, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट कॉटखाली फराळाच्या डब्यांशेजारी सुखाने नांदतो. कुटुंबातील स्त्रिया त्याला ‘ते लोखंड’ म्हणतात. नावानिशी उल्लेख करण्याइतकी जवळीक त्यांनी जाणीवपूर्वक टाळलेली आहे.

अश्वशक्ती मोजण्यासाठी डायनॅमोमीटर नावाचे यंत्र असते. गृहस्थ त्याच्या वाऱ्यास उभे राहत नाहीत, कारण त्यांची पद्धत बेरजेची आहे: कार्बोरेटरचे वीस, हेडचे पंधरा, रुंद सायलेन्सरचे दहा. ही बेरीज गणेशोत्सवाच्या मंडपात दरवर्षी वाढते, आणि इंजिन सुटे पडलेले असतानाही तिला खीळ बसत नाही, हे विशेष होय.

या शक्तीचा विनियोग मात्र डॉ. आंबेडकर रोडवर, पुढच्या बसच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये होतो. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी साचले की गाडी जागची हलवली जात नाही, आणि हा त्यांच्या साऱ्या शास्त्रातील सर्वांत निर्दोष निर्णय आहे. कारण पाणी दाबले जात नाही, ते सिलिंडरमध्ये शिरले तर कनेक्टिंग रॉडच वाकतो.

अशा गृहस्थांची गाठ पडल्यास वाचकाने ‘गाडी किती देते?’ असे चुकूनही विचारू नये. प्रश्न लिटरमागच्या किलोमीटरांचा असतो. उत्तर अश्वशक्तीत मिळते आणि किमान तासभर चालते.