डेबियन घराण्याचे वसंतराव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमच्या सोसायटीतले वसंतराव एका रात्रीत निर्वासित झाले. त्यांच्या लॅपटॉपात टीपीएम २.० ही चिप नाही, म्हणून विंडोज ११ त्याला दारात उभं करीना. धडधाकट यंत्र भंगारात कसं घालायचं? वसंतरावांनी लिनक्स घ्यायचं ठरवलं. अटी दोनच: यंत्र रोज नखरे करता कामा नये आणि आपली माहिती कुणाच्या बापाला कळता कामा नये.

पण कोणतं लिनक्स, हे विचारणं म्हणजे गाण्याच्या घराण्यांच्या भांडणात पडणं. डेबियन हे १९९३ पासूनचं खानदानी घराणं. उबंटू त्याचा शागीर्द, मिंट उबंटूचा. आर्चवाले तानपुरा जुळायच्या आत 'आम्ही आर्चचे' हे सांगून मोकळे होतात. गाणं पुढच्या आठवड्यात, कारण सकाळच्या अपडेटनंतर आवाज लागत नाहीये.

वसंतरावांचा पुतण्या आर्चचाच. डेबियनचं नाव काढलं की नाक मुरडतो, "काका, तिथे सगळं शिळं मिळतं." आरोप खरा आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि एकदा आली की सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर तिच्यात फारसं काही हलत नाही. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं देतात. अस्थिर शाखा मात्र कायमची 'सिड', म्हणजे त्या सिनेमातला खेळणी मोडणारा कार्टा. इतकी रोखठोक पाटी पुण्यातही लागत नाही.

शिळ्याची महती २०२४ च्या मार्चअखेर कळली. फायली दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक साधन आहे. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं त्यात सालसपणे हातभार लावला आणि विश्वास बसल्यावर चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, म्हणून त्याने खणून काढलं. (आपल्याकडे पोर्टल अर्ध्या तासात उघडलं तर पेढे वाटतात, हा चोर इथे पेन्शन घेऊन निवृत्त झाला असता.) ताज्याचा हव्यास असलेल्यांकडे ती आवृत्ती पोहोचली होती. आर्चकडेही. डेबियनच्या स्थिर शाखेत जुनीच होती, त्यामुळे चोर जिन्यातच राहिला. "आमच्याकडे तो दरवाजा उघडलाच नसता," असं पुतण्या म्हणतो. तेही खरं आहे, पण घरात आलेल्या चोराला कडी सापडली नाही, यात घराची कीर्ती किती, हे त्याने सांगावं.

उबंटू वसंतरावांनी इतिहास काढून बाद केलं. २०१२ साली त्यात स्वतःच्याच यंत्रावर फाइल शोधायला टाइप केलेले शब्द कंपनीच्या सर्व्हरकडे जायचे आणि समोर ॲमेझॉनचा माल यायचा. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ स्पायवेअर म्हटलं. २०१६ च्या आवृत्तीपासून ते मुळात बंद ठेवलं गेलं, पण वसंतरावांनी क्षमा केलेली नाही. 'मृत्युपत्र' शोधावं आणि समोर पांढरं कापड सवलतीत यावं, हे त्यांना मंजूर नाही.

मधे टेल्स नावाचं लिनक्सही झालं. अमेरिकेची पाळत चव्हाट्यावर आणणारा एडवर्ड स्नोडेन वापरायचा ते. पेन ड्राइव्हवरून चालतं, सगळी ये-जा टॉरमधून होते आणि बंद केलं की यंत्रावर मागमूस राहत नाही. मुदत ठेवींचा तक्ताही राहत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. साठवणीची सोय आपणच चालू करावी लागते. शिवाय टॉर तुमचा ठावठिकाणा लपवतं, आणि वसंतराव त्यातून फेसबुकवर स्वतःच्या नावाने शिरून दोनशे जणांना 'शुभ सकाळ' घालत होते.

अखेर डेबियन बसलं. डिस्क एन्क्रिप्ट झाली, ब्राउझरला जाहिरातरोधक लागला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आली. त्या आनंदात आम्ही मॉलमध्ये गेलो. वाटेत त्यांनी २०१७ चा पुट्टस्वामी निकाल ऐकवला: नऊ न्यायमूर्ती, एकमत, खासगीपणा हा मूलभूत हक्क.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मोबाइल नंबर?"

वसंतरावांनी दहाही आकडे मागच्या रांगेला ऐकू जातील असे सांगितले.

"वाढदिवस?"

तोही दिला, सालासकट.

"लग्नाचा? त्या दिवशी दहा टक्के सूट आहे."

इथे मात्र वसंतराव थबकले. तारीख आठवेना. त्यांनी काकूंना फोन लावला. स्पीकरवर.