गोणी पोहोचल्यावर वाचावे

(निफाडहून, पुण्या-मुंबईच्या समस्त पाहुणेमंडळींसाठी. आवृत्ती : नवशिक्यांची.)

साहित्य : एक गोणी कांदा. फुकट आलाय म्हणून तो बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ढकलू नये.

पूर्वतयारी : गोणी निघाली असा फोन आला की एकच प्रश्न विचारावा, "लाल की उन्हाळ?" हा प्रश्न विचारणारा जावई आम्ही अजून पाहिलेला नाही. लाल कांदा खरिपाचा, दिवाळीच्या पुढे बाजारात येतो. त्यात पाणी जास्त, तो ठेवायचा नसतोच. लाल आला असेल तर हे पत्रक इथेच मिटा, भजी करा आणि उरलेला शेजारी वाटा. उन्हाळ म्हणजे मार्च-एप्रिलात निघणारा, नीट राखला तर दिवाळी गाठणारा. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

पायरी पहिली, गोणी उघडा. हे लिहावं लागतंय, कारण दरवर्षी कुठल्या तरी फ्लॅटमध्ये गोणीचं तोंड शिवलेलंच राहतं आणि ऑगस्टात "कसला तरी वास येतोय" म्हणून आम्हालाच फोन येतो. कांदा काढल्यावरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, ओलावा आणि ऊब सोडतो. ती बाहेर पडायला वाट नसेल तर आतल्या आत सडतो. आमच्याकडे याच एका कारणासाठी कांदाचाळ बांधतात. तिचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, तळाला फटी, बाजूंना बांबू नाहीतर जाळी, कप्पा साधारण चार फूट रुंद. थर पाच फुटांवर जाऊ द्यायचा नाही, खालचा माल दबतो. एवढा सगळा थाट करूनही दिवाळीपर्यंत तीस-चाळीस टक्के कांदा घटतो. काही वजनात जातो, काही सडीत, काही कोंबात. तेव्हा तुमच्या गोणीतले पाच-सहा कांदे गेले तर "या वर्षी माल बरा नव्हता" हे वाक्य गिळावं.

फ्लॅटमध्ये चाळ कुठून आणायची? प्लास्टिकचं भोकांचं क्रेट घ्या, दोन विटांवर ठेवा, कांदे दोन-तीन थरांतच पसरा. ऊन नको, पावसाची झड नको, वारा हवा. झालं.

पायरी दुसरी, देठ कापू नका. काही वहिनी गोणी आली की कांद्यांच्या माना कापून, वरची सालं सोलून, गुळगुळीत करून टोपलीत रचतात. दिसायला फार छान दिसतं. पण ती मान सुकवून बंद करण्यासाठी इकडे महिनाभर खटपट झालेली असते. काढणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं, निम्म्याहून जास्त माना पडल्या की उपटायचं, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकत वावरात तीन-चार दिवस वाळवायचं, मग बोटभर देठ ठेवून पात कापायची आणि पुन्हा सावलीत ठेवायचं. जोडकांदे आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) तेव्हाच बाजूला निघतात. तुम्ही विळीच्या एका फटक्यात ते दार पुन्हा उघडता.

पायरी तिसरी, फ्रिजपासून लांब. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. त्यावरून आमच्या कांद्याला गारवा मानवतो असा पाहुण्यांचा समज झालेला दिसतो. गारवा गव्हाला मानवतो. साठवलेल्या उन्हाळ कांद्याला २५ ते ३० अंशांची कोरडी हवा लागते. फ्रिजमध्ये त्याला दमटपणा मिळतो, आणि बाहेर काढला की तो कोंब काढून दाखवतो. बटाट्यांच्या टोपलीतही ठेवू नये, त्यांचा ओलावा याला बाधतो. (द्राक्षांच्या पेटीचं पत्रक वेगळं आहे. त्यात एकच वाक्य आहे : धुऊन ठेवू नका.)

कोंबच नको असेल तर शास्त्रीय उपाय आहे, तोही आमच्याच तालुक्यात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प २००२ पासून आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांतून कांदा काढला की त्याला कोंब येत नाही. सड मात्र त्याने थांबत नाही. शिवाय तुमची सोसायटी छतावर सोलर बसवायला तीन मीटिंगा घेते, कोबाल्टचा विषय न काढलेलाच बरा. म्हणून आठवड्याला एकदा हाताने निवड करा. कांदा उचलायचा, अंगठ्याने मानेपाशी दाबायचं. साल कडकड वाजली, मान घट्ट लागली, तर परत ठेवा. अंगठा आत गेला तर लगेच बाहेर, तो शेजारच्या चौघांना घेऊन जातो. सालीखाली काळी भुकटी दिसली तर ती काजळी. तेवढे पापुद्रे काढून, धुऊन, आतला चांगला भाग आजच फोडणीत. कोंब आलेलाही आजच. कोंबाची चटणी बरी होते.

इथे नवशिक्यांचा अभ्यासक्रम संपतो. पुढची इयत्ता आमची : चाळीतला कांदा काढायचा कधी? वरचे सगळे नियम पाळले तरी याचं उत्तर सापडत नाही. २०२३ चंच बघा. लोकांनी उन्हाळा-पावसाळा राखून ठेवलेला माल बाहेर काढायला घेतला आणि ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरात तर निर्यातच बंद, ती मे २०२४ मध्ये उघडली. तोवर थांबायला कांदा काही लोखंडाचा नसतो. सडीवर अंगठा चालतो, अधिसूचनेवर काय चालवायचं हे १९४७ पासून लिलाव बघणाऱ्या लासलगावच्या बाजार समितीतही कुणी सांगणार नाही. त्यामुळे दर वाढल्याची बातमी ऐकून "मग यंदा मजा आहे बुवा तुमची" असं म्हणण्याआधी, आमच्या चाळीत तेव्हा माल शिल्लक होता का, हे विचारावं.

बाकी शंका असतील तर फोन करा. लिलावाच्या वेळेत करू नका.