डिस्नेची खोली: संकल्प, साधना आणि डिपॉझिट

हे व्रत कोणी करावे? ज्याचे आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांच्या मुक्कामाला न्यू जर्सीत येणार आहेत, ज्याच्या मुलांना शाळेतल्या सगळ्यांनी मिकी दाखवून झाला आहे, आणि ज्याच्या बायकोने ‘राहायचं तर आतच’ असं एकदाच, शांतपणे सांगितलं आहे, त्याने करावे. बाकीच्यांनी ऑरलँडोतल्या एखाद्या मोटेलात उतरावे, फुकटचा नाश्ता करावा आणि सुखी असावे.

आधी क्षेत्रमाहात्म्य. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं, तेव्हा तिथे एक पार्क आणि दोन हॉटेलं होती: कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. आज चार थीम पार्क आहेत आणि डिस्नेची स्वतःची पंचवीसहून अधिक हॉटेलं. आवार जवळपास सॅन फ्रान्सिस्को शहराएवढं. एवढ्या हॉटेलांत एक खोली मिळणार नाही का, असं मनात आलं असेल, तर साधक अजून कच्चा आहे. खोली असतेच. आपल्याला हव्या असलेल्या पाच रात्रींपैकी चार रात्री असते.

आता मुहूर्त. डिस्नेच्या हॉटेलांचं बुकिंग ४९९ दिवस आधी करता येतं. ५०० नाही, ४९९, बाटाच्या चपलेच्या किमतीसारखं. म्हणजे जवळजवळ साडेसोळा महिने. या अवधीत नोकरी बदलू शकते, आईबाबांच्या व्हिसाची मुलाखत अजून व्हायची असते, क्वचित एखादं मूल जन्माला यायचं असतं. त्यापैकी कशासाठीही थांबू नये. मुलाची तर काळजीच नको. तीन वर्षांखालचं बाळ पाळण्यात झोपणार असेल तर खोलीच्या माणसांत धरत नाहीत, आणि पार्कचं तिकीटही त्याला लागत नाही. या संपूर्ण व्यवहारात फुकट असलेली हीच काय ती एक व्यक्ती.

मग गणित, आणि इथे भल्याभल्यांची तपश्चर्या भंगते. स्वस्त गटातल्या हॉटेलात, म्हणजे ऑल-स्टार किंवा पॉप सेंच्युरीत, एका साध्या खोलीत चार माणसं. आपण, सौभाग्यवती, दोन मुलं, आई आणि बाबा मिळून होतात सहा. ‘आम्ही काय, खाली गादी टाकून झोपू,’ हे आईंचं वाक्य मनापासूनचं असलं तरी संगणक ते ऐकत नाही. शिवाय दर दोन प्रौढांचा धरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या प्रौढाचे रात्रीमागे वेगळे पैसे पडतात. उपाय दोन. एक, दोन खोल्या घेणे. पण मग कोण कोणाबरोबर झोपणार यावर घरात चर्चासत्र होतं. दुसरा, आर्ट ऑफ ॲनिमेशनमधला सहा माणसांचा फॅमिली सूट, ज्याला दोन बाथरूम आहेत. हे दुसरं बाथरूम म्हणजेच या गुंतवणुकीचं खरं कारण. सकाळी साडेसहाला बाबा पेपर नसतानाही पेपर वाचण्याइतका वेळ आत बसतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला किमतीचं समर्थन वेगळं द्यावं लागत नाही.

कोणी आईंच्या चहासाठी आणि वरणभातासाठी स्वयंपाकघर असलेला व्हिला घेण्याचं सुचवेल. सूचना योग्य आहे. दर बघून ती देणाऱ्यालाच पैसे भरायला सांगावे.

खिडकीतून काय दिसावं, हाही धोरणात्मक प्रश्न आहे. ‘स्टँडर्ड व्ह्यू’ म्हणजे पार्किंगचा तळसुद्धा असू शकतो. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये जादा पैसे भरले की बाल्कनीतून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. बाबा म्हणणार, यापेक्षा कात्रजला गेलो असतो. त्यांना रात्रीचा दर सांगू नये. त्यावर साडेबारा टक्के कर असतो, हे तर मुळीच सांगू नये.

सर्वांत महत्त्वाचा भाग: पडद्यावर ‘उपलब्ध नाही’ असं आल्यावर काय करावे. नवखा साधक इथे हाय खातो आणि तारखा बदलतो, मग रजा बदलतो, मग बायकोचा आवाज बदलतो. असं करू नये. पाच रात्रींपैकी एकच रात्र भरलेली असली तरी यंत्र पाचही रात्रींना नाही म्हणतं. म्हणून रात्री सुट्या करून शोधाव्यात. अडलेली रात्र सापडली की तेवढ्यापुरतं दुसरं हॉटेल घ्यावं. सामान एका हॉटेलातून दुसऱ्यात डिस्नेचे लोक पोहोचवतात; आईंची लाडवांच्या डब्याची पिशवी मात्र त्या स्वतःच धरतात. याला तिथले जाणकार ‘स्प्लिट स्टे’ म्हणतात. आपल्याकडे लग्नघरात पाहुण्यांची सोय याच तत्त्वावर होत आली आहे.

दुसरा मार्ग सभासदांचा. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबाचे सभासद आपल्या मूळ हॉटेलातली खोली ११ महिने आधी आणि इतर हॉटेलांतली सात महिने आधी पकडू शकतात, आणि आपले पॉइंट दुसऱ्याला भाड्यानेही देतात. मार्ग बरेचदा स्वस्त पडतो; पण पैसे सहसा परत मिळत नाहीत, तेव्हा बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन आधी नक्की करून घ्यावं.

खोली मिळाली म्हणजे व्रत संपलं, असं समजणाऱ्याने पुढचं वाचू नये. ६० दिवस आधी, पहाटे सहाच्या सुमाराला, तिथल्या रेस्टॉरंटांची टेबलं सुटतात. आतल्या हॉटेलात राहणाऱ्याला त्याच पहाटे पुढच्या दहा दिवसांपर्यंतची घेता येतात. त्यांतल्या ‘सना’ या रेस्टॉरंटात आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाला असतो. तिथे पाच प्रकारचे नान-कुलचे-पराठे आणि त्यासोबत नऊ वाट्या चटण्या-लोणच्यांच्या येतात. आई पहिला घास खाऊन ‘बरं आहे’ म्हणतील. यापेक्षा मोठी दाद फ्लोरिडात मिळायची नाही. मग सात दिवस आधी, सकाळी सातला, रांगा टाळण्याचे पास. बाहेर राहणाऱ्यांना हे तीनच दिवस आधी मिळतात. या चार दिवसांच्या आघाडीसाठी आणि सकाळी पार्कात अर्धा तास आधी शिरण्यासाठी आपण आत राहत आहोत, हे हप्ता भरताना स्वतःला सांगत राहावे.

स्वस्ताईची आशा असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर पाहावे. शाळा सुरू, दर उतरलेले, खोल्या भरपूर. पण चक्रीवादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. पोहोचायच्या आधीच्या सात दिवसांत ऑरलँडोसाठी हरिकेनचा इशारा निघाला, तर डिस्ने दंड न लावता बुकिंग रद्द करू देते किंवा तारीख पुढे नेऊ देते. उन्हाचं मात्र काही परत मिळत नाही.

शेवटी एक कळकळीची विनंती. नुसती खोली घेतली असेल तर एका रात्रीचंच डिपॉझिट असतं आणि सहा दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास ते परत मिळतं. या सवलतीमुळे काही मंडळी तीन-तीन हॉटेलं धरून ठेवतात आणि निर्णय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. आपण त्यांतले असाल, तर नको असलेली दोन आजच सोडा. न्यू जर्सीत एक माणूस सहा जणांचा सूट मिळतो का ते दर तासाला पाहतो आहे, आणि त्याच्या आईबाबांची तिकिटं निघालेली आहेत.